खाडीतून सासुरवाडीला

कळवा, मंगळवार

चांगदेवदादांना गोपीनाथचा वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुमचं बीपी गोळी घेतल्यावर उतरतं, की वहिनींनी गोळी घेतली का विचारल्यावर आणखी चढतं? आमच्याकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही "जेवलात का" विचारता, मी "हो" म्हणतो, आणि मग दोघंही गप्प. सरोजच्या तेराव्यानंतर अकरा महिने झाले, मी मोठागावला पाय ठेवलेला नाही. शेजारचा कुंडलिक (स्वतः बिनलग्नाचा, म्हणून सगळ्या नात्यांतला जाणकार) म्हणतो, बायको गेली की सासुरवाडी संपली, उगाच जाऊन लोकांना अवघडवू नये. मी त्याला चार शब्द सुनावले, पण मेलं ते डोक्यात बसलं. जिच्यामुळे जावई, तीच नाही, तर तुमच्या ओट्यावर माझी जागा आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून रविवारी निघालो.

आता खाडीतूनच का? अहो, त्रेचाळीस वर्षं ती म्हणत होती, मला एकदा होडीनं माहेरी न्या. लग्नात ती तशीच आलेली ना आमच्याकडे, तुम्ही पुढे बसलेले, तोंड असं की जणू मी पोरगी पळवूनच नेतोय. मी दर वेळी म्हणायचो, अगं, गाडीने वीस मिनिटं लागतात, खाडीत काय ठेवलंय? (खाडीत काय ठेवलंय ते रविवारी पाहिलं: थर्माकोल, चपला आणि एक अख्खा सोफा.) दवाखान्यातही म्हणाली. मी म्हटलं, तू बरी हो, नेतो. असं नुसतं बोलायला माझं काय जात होतं!

आमची सूनबाई समृद्धी मोबाईलवर 'कयाकमधून बघण्यासारख्या रम्य जागा' असल्या याद्या वाचत असते. कयाक म्हणजे प्लास्टिकची अरुंद होडी, बसलं की केळ्याच्या सालीत बसल्यासारखं वाटतं. यादीत केरळ, गोवा, काश्मीर. मी म्हटलं, त्यात मोठागाव लिही. तिने खरंच ऑफिसच्या क्लबातून दोघांची कयाक आणली. भरती किती वाजता, ते मोबाईलला विचारायला लागली, तेव्हा मात्र मी भडकलो. मिठागरवाल्याच्या पोराला भरती शिकवतेस? तिथीची तिप्पट करायची, चाराने भागायचं, येईल तितक्या वाजता भरती. द्वादशी, म्हणजे नऊ. तुमच्यापर्यंत पाणी चढायला आणखी दीड तास धरला आणि आठच्या आत खारेगावहून निघालो.

दादा, खोटं नाही सांगत, पारसिकचा डोंगर पाण्यातून बघितला की केवढा मोठा दिसतो! मुंब्र्याची देवी वर, खाली खारफुटी, त्यात बगळे, आणि भरतीचं पाणी आपलं आपण पुढे नेतंय. रस्त्यावरची एक गाडी ऐकू येत नाही. मला रडूच कोसळलं. हे तिला दाखवायला त्रेचाळीस वर्षांत एक सकाळ निघाली नाही माझ्याने. समृद्धी पुढे बसलेली, तिला काही दिसलं नाही. ती आपली म्हणत होती, पप्पा, पॅडल मारा. मी म्हणत होतो, मारतोय. (मारत नव्हतो.)

पण तुमच्यापर्यंत पोचणं झालं नाही. मध्येच पाणी उतरलं आणि आम्ही खारफुटीपाशी चिखलात रुतलो. चूक माझी. मी तिथी बघितली ती गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर. ते अजून भिंतीवरून काढलेलं नाही, सरोजच्या हातचं आहे त्यात, गॅस आला, दूध नाही, दादाकडे जाणे. चार तास बसून होतो. मी शहाणपणा करून उतरलो तो मांडीपर्यंत आत. सूनबाईने लाइफ जॅकेटला धरून ओढलं, मी आलो, चप्पल राहिली. एक बगळा कयाकच्या टोकावर बसून तासभर मला न्याहाळत होता, मेलेला आहे का जिवंत. वर काठावरून कुणीतरी व्हिडिओ काढला, तो आमच्या सोसायटीत सगळ्यांनी पाहिलाय. कुंडलिकने तर तीनदा.

असो. तब्येतीला जपा.

तुमचा,
गोपीनाथ

ता. क. – व्हिडिओ तुमच्यापर्यंत आलाच, तर त्यातली शिवी बगळ्याला आहे.

ता. क. दुसरा – कॅलेंडरचं खोटं सांगितलं. जुनं भिंतीवर आहे हे खरं, पण तिथी मी नव्यातच बघितली होती, आणि हिशोब बरोबर निघाला. साडेदहाला आम्ही तुमच्या बंदराला आलेलो. तुम्ही पायरीवर पाठमोरे बसलेले, बनियनवर, पेपर वाचत. चाळीस हातांवर होतो, दादा. इतकी वर्षं सरोज लांबूनच ओरडायची, "दादा, आमी आयलू!" आणि मी पिशवी घेऊन तिच्या मागे. मला कधी हाक मारावीच लागली नाही. तोंड उघडलं, पण काय म्हणून ओरडू ते कळेना. समृद्धीला म्हटलं, वळव. तिने कयाक वळवली. रुतलो ते परत येताना, ओहोटीत.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी – येत्या रविवारी येतोय, स्टेशनवरून रिक्षाने. तुम्ही बाहेर थांबा, आणि मी दिसलो की हाक तुम्ही मारा. दिसलो नाही तरी मारा. कोपऱ्यावरच उभा असेन.