ट्रॅक्टरच्या सीटवर कोण?

मु. कुरुळी, ता. खेड
१४ सप्टेंबर १९७९

प्रिय सुरेंद्र,

आणि वर त्या माणसाला चहाही मीच करून द्यायचा. एकदा नाही, तीनदा. तू त्याला पाठवलंस, तुझ्या दादांनी त्याला बाजेवर बसवलं, आणि तो साहेब रंगीत कागद पसरून मलाच समजावतोय की बाई, हे बघा, तासाभरात एकरभर गवत आडवं. सव्वीस वर्षं त्या माळावरचं गवत मी कापते. मला कुणी विचारलं? तुम्ही दोघं भाऊ कासारवाडीत तुझ्या खोलीवर बसून ठरवता आणि मला कळतं दाराशी स्कूटर लागल्यावर. आता घट बसले की दुसऱ्या दिवशी, तेवीस तारखेच्या रविवारी, तो ते गवत कापायचं यंत्र आपल्या ट्रॅक्टरला लावून दाखवणार आहे. दादा म्हणतात, मी स्वतः चालवून बघणार. ते मला नको आहे. यंत्र नको असं मी म्हणत नाही, नीट वाच. दादांनी चालवायला नको.

अक्षर बघून हसू नकोस. दर वेळी मी सांगते आणि चित्रा लिहिते. या वेळचं पोरीला सांगण्यासारखं नाही, म्हणून तिसरीतलं अक्षर काढून बसले आहे. चार दिवस झाले, थोडं थोडं लिहिते. लोकांसमोर तुला भावजी म्हणते, पण मी या घरात आले तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि शाळेत जायचं म्हटलं की कणगीमागं लपून बसायचास. कागदावर तरी तुला अहोजाहो करायला मला जमणार नाही.

यंत्राचं आधी सांगते, नाहीतर म्हणशील वहिनीला काय कळतंय. तळेगावाकडं एका बागायतदाराकडं दोन्ही जातीची यंत्रं आहेत असं कळलं, तेव्हा अंबूबाईला घेऊन एसटीनं जाऊन बघून आले. घरी सांगितलं, देवाला गेले होते. एक आहे दात्यांचं. लांब पट्टी, तिला दात, न्हाव्याच्या मशीनसारखे मागंपुढं होतात. कापतं साफ, पण गवत ओलं असलं की तुंबतं. तुंबलं की खाली उतरायचं आणि हातानं उपसायचं, आणि तेवढ्यासाठी इंजिन बंद करायचा सगळ्यांना कंटाळा. तिथल्या गड्याला दोन बोटं नाहीत. मी विचारलं नव्हतं, त्यानंच दाखवली. शिवाय ते दात रोज कानशीनं घासायचे. दुसरं गरगर फिरणारं. पिंपासारखे दोन गोल डबे, त्यांच्या खाली सुटी पाती. साहेब त्याला रोटरी म्हणतो, अंबूबाईनं तिची लॉटरी केली आहे. रोज विचारते, लागली का वैनी तुमची लॉटरी. ते तुंबत नाही. गवत दोन डब्यांच्या मधून ओळीनं पडतं, त्यामुळं पेंढ्या बांधता येतात. पेंढी नसेल तर पिंपरीचे गोठेवाले गवताला हात लावत नाहीत, हे त्या रंगीत कागदात कुठं लिहिलेलं नाही. खोट एकच, दगड. आपल्या माळावर गवतापेक्षा दगड जास्त, आणि पात्यात आलेला दगड गोफणीतून सुटल्यासारखा जातो. पुढचा उन्हाळा दगड वेचण्यात घालवावा लागेल. घालवू. मी त्या साहेबाला विचारलं की ट्रॅक्टरमधून यंत्राकडं जाणारा तो फिरता दांडा उघडाच का, लुगड्याचा पदर गेला तर माणूस आत जाईल. तो म्हणाला, झाकण वेगळं घ्यावं लागेल. मग दादांकडं बघून म्हणाला, वहिनीसाहेब फार हुशार आहेत. दादा काही हसले नाहीत.

तर माझं मत विचारशील तर फिरणारंच घ्यावं. पाती इथं मिळतात का तेवढं बघ, आणि झाकण तुझ्या कंपनीत कुणाकडून तरी करून आण. अंबूबाई आणि सोजरबाई निम्म्या वाट्यानं गवत कापतात, त्यावर त्यांच्या म्हशी जगतात. यंत्र आलं तरी पेंढ्या त्यांनीच बांधायच्या आणि वाटा तोच राहायचा, हे मी त्यांना सांगून टाकलं आहे. तुम्ही भाऊ त्यात पडू नका.

पण दादांसमोर मी दोन्ही यंत्रांना नावं ठेवली. आधी म्हटलं, पितरांच्या पंधरवड्यात कुणी नवं अवजार दारात आणतं का. मग दगडांचं काढलं, मग ऐकीव म्हणून त्या बोटं तुटलेल्या गड्याचं काढलं. तिसऱ्या दिवशी ते जेवता जेवता उठले आणि म्हणाले, तुला माझं बरं झालेलं बघवत नाही. ताट तसंच राहिलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, काय हवं ते चित्राला सांगतात.

त्यांची चूक नाही. ट्रॅक्टर या गावात पहिला कुणी आणला? तुझी वरात त्याच ट्रॅक्टरवरून काढली, स्वतः चालवली, आणि नीलिमानं माप ओलांडायच्या आधी ट्रॅक्टरला नारळ फोडला म्हणून तिच्या मामानं केवढा गोंधळ घातला होता. त्या सीटवर बसले की ते पंचवीस वर्षांचे होतात. खाली उतरले की माणूस निम्मा. मला दिसत नाही असं नाही.

पण मी दमले आहे रे. वर्ष होत आलं, मी त्यांच्यावर नजर ठेवून आहे. विहिरीवर गेले की मी कळशी घेऊन मागं. माळावर गेले की मी विळा घेऊन मागं. रात्री लघवीला उठले तरी मला जाग येते. अंबूबाई सगळ्या बायांसमोर म्हणाली, "वैनी, आता तरी नवऱ्याला मोकळं सोडा की, पळून न्हाई जायाचा त्यो." बाया हसल्या, मीही हसले. माझ्या कनवटीला कायम एक कांदा असतो. चाकणच्या बाजूला कांद्याचं कुणाला नवल वाटत नाही, म्हणून आजवर कुणी विचारलं नाही.

आता कळलं असेल तुला. तरी लिहिते. मागच्या दिवाळीच्या आधी गोठ्यात पहिल्यांदा झालं. धार काढता काढता आडवे झाले, हातपाय ताठ, तोंडाला फेस. मला वाटलं पान लागलं, साप चावून गेला. मग थांबलं. उठले ते विचारायला लागले की दूध कुणी सांडलं. दुसऱ्यांदा संक्रांतीनंतर, अंगणात. तिसऱ्यांदा आषाढात. ट्रॅक्टर ओढ्याकडं गेला ते तुला माहीत आहे. दादांनी सांगितलं, स्टिअरिंग अडकलं. तू तुझ्या कंपनीतला मेस्त्री पाठवलास, त्यानं दिवसभर सगळं खोलून बघितलं, हातात काही लागलं नाही, दोन वेळ जेवून गेला. लागणार कुठून. स्टिअरिंगला काही झालंच नव्हतं. ते सीटवर ताठ झाले होते, मुठी चाकाला आवळलेल्या, डोळे उघडे, आणि ट्रॅक्टर बांध ओलांडून सरळ चाललेला. मी काष्टा आवळून पळाले, मागून चढले आणि इंजिन बंद करायचा तो दांडा ओढला. तो कुठला ते मला माहीत होतं, कारण मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. पुढचं चाक काठावरून खाली लोंबत होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओढ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "डोळा लागला होता. कुणाला बोललीस तर माझं तोंड बघायचं नाहीस." म्हणजे त्यांना कळलं आहे. मलाही कळलं आहे. घरात दोघांना माहीत आणि दोघं गप्प. चित्राला बघायला दसऱ्यानंतर भोसरीची माणसं यायची आहेत. ज्या घरात बापाला फेफरं आहे त्या घरची मुलगी कोण करतं, तूच सांग. म्हणून मी पण जीभ आवळली.

खेडच्या डॉक्टरकडं माझ्या भावाचं म्हणून विचारून आले. तो म्हणाला, कांदाबिंदा हुंगवून काही होत नाही, गोळी असते, रोज घ्यायची, बहुतेकांचं थांबतं. पण माणसाला समोर आणा. आणि गोळी लागू पडेपर्यंत विहीर, चूल आणि गाडीचं चाक, तिन्हींपासून लांब ठेवा. विहीर आणि चूल मी बघेन.

चाकाचं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. आषाढात मागं नांगर होता. रविवारी मागं फिरती पाती असतील, आणि माळावर दहा माणसं बघायला उभी असतील, त्यात चित्रा असेल. मी एकदा चढले, दर वेळी पोचेनच असं नाही. माझं ते ऐकत नाहीत, माझ्याशी बोलतही नाहीत. तुझं ऐकतात, कारण तू शिकलास आणि तुला त्यांनी शिकवलं. तू शनिवारी ये, ओव्हरटाइम गेला खड्ड्यात. सरळ सांग की मला माहीत आहे, वहिनीनं सांगितलं. माझं तोंड बघायचं बंद केलं तरी चालेल, तोंड बघायला ते शिल्लक राहू देत. रविवारी सीटवर तू बस. सोमवारी त्यांना पुण्याच्या मोठ्या डॉक्टरकडं ने. पुढं यंत्र कोण चालवणार ते मी बघते. दांडा ओढायला शिकले तशी बाकीचंही शिकेन. वीस तारखेला, गुरुवारी दुपारच्या टपालात मला तुझं पत्र हवं, येतोस की नाही एवढंच. आलं नाही तर शुक्रवारी सकाळी मी चावडीवर उभी राहून साऱ्या गावाला सांगेन की माझ्या नवऱ्याला फेफरं येतं, त्याला ट्रॅक्टरवर कुणी बसू देऊ नका. चित्राचं मोडलं तर मोडू दे. गुरुवार, विसरू नकोस.

तुझीच,
वहिनी