आयती तार

४ फेब्रुवारी
आले बाई एकदाची वडूजला! सांगलीच्या गर्दीतून सुटले आणि इथं घराच्या चारी बाजूंनी नुसती ज्वारी. माप ओलांडून आत आले, मग शंभूराजनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, संयोगिता. पत्रिकेवरून काढलंय म्हणे. मला अपूर्वाच बरं वाटत होतं, पण नवऱ्यानं एवढ्या हौसेनं लिहिलं, तर नाक कशाला मुरडा? सासूबाई म्हणाल्या, पोरी, लय शोभतंय तुला.

७ फेब्रुवारी
घर मोठं, भिंती जाडजूड. वायफाय सोप्यातून माझ्या खोलीत पोचता पोचत नाही. मी हळदीच्या पाकिटांची चित्रं करते आणि सांगलीच्या व्यापाऱ्याला पाठवते. नेट नाही तर काम नाही. नवं सगळं घ्यायचं म्हणजे केवढ्याला पडेल! मग सुमंतदादानं जुन्या बाजारातून एक राउटर आणि तारा जोडायचा पाच तोंडांचा डबा मिळवून एसटीनं पाठवला. भाऊ असावा तर असा. बाबा गेल्यापासून माझं सगळं तोच बघतो, हे स्थळही त्यानंच आणलं.

९ फेब्रुवारी
देव पावला! तार विकत आणायच्या आधी घरभर धुंडाळलं, तर कोठाराबाहेरच्या भिंतीतून निळी नेटवर्कची तार लोंबतेय. आयती! दुसरं टोक सासूबाईंच्या खोलीत निघत असेल, म्हणजे तिकडचंही काम झालं. फुकट ते पौष्टिक. डब्यात खुपसली, तर लगेच हिरवा दिवा लुकलुकायला लागला. पलीकडं काही चालू असल्याशिवाय तो लागत नाही. जरा नवल वाटलं.

१० फेब्रुवारी
लॅपटॉपला कौतुकानं 'संयोगिता' नाव द्यायला गेले. तो म्हणतो, या नावाचा संगणक या नेटवर्कवर आधीच आहे. आता घ्या! शंभूराज हसले, म्हणाले, जुनं सामान घेतलंस की त्याच्या जुन्या खोडीही घ्याव्या लागतात. सासूबाईंना विचारलं, ही तार कुणाची. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. आमच्यात कवाच कंप्युटर नव्हता, म्हणाल्या, तू ती तार उपटून टाक.

११ फेब्रुवारी
आपलं दुकान बंद ठेवून शंभूराजनी वकील घरी आणले. घराच्या कागदांवर सुनेचं नाव चढवायचंय म्हणाले. चार दिवस माझ्याकडून नव्या सहीचा सराव करून घेत होते, 'य'ची शेपटी अशी वळव, 'ग' असा काढ. नमुनाही त्यांनीच दिलेला. मला वाटलं, काय हा लाडोबा! ठोकली सही. वाचलंसुद्धा नाही. नवऱ्याचा कागद कुणी वाचतं का?

१२ फेब्रुवारी
तार उपटली. नेटवर्कच्या यादीत संयोगिता तशीच.
शेवटी क्लिक केलं. आत एकच फोटो. तांदळाचं ताट, त्यात तेच नाव, तेच वळण. फेटा बांधलेले शंभूराज. शेजारी नवरी. मी नव्हे. तारीख पाच वर्षांपूर्वीची.
पत्रिका म्हणे! मेल्यानं पहिलीचं नाव माझ्या कपाळी चिकटवलं आणि मी पेढे वाटले. दुपारभर रडले. ती गेली कुठं, हे विचारायला मात्र तोंड उघडलं नाही.

१३ फेब्रुवारी
सासूबाईंचा डोळा लागल्यावर कोठारात गेले. त्या भिंतीची आतली बाजू बघितली. तार भिंतीत शिरते. बाहेर येतच नाही. तेवढ्याच जागी गिलावा वेगळा, माणसाच्या उंचीएवढा. कान लावला. आत लॅपटॉपच्या पंख्याची बारीक घरघर—
मागं सासूबाई उभ्या. मला बाहेर काढलं. कोठाराला कुलूप घातलं.

१४ फेब्रुवारी
तिच्या संगणकात, त्या फोटोशेजारी, आज नवी फाइल. माझ्याच सहीचा कागद.
'मी संयोगिता, वडील कै. नाथाजी, कवठे महांकाळची माझी जमीन पती शंभूराज यांना—'
माझे बाबा हरी. नाथाजी तिचे. म्हणजे कागदावर ती अजून जिवंत आहे. तिच्या नावानं सही करायला एक बाई हवी होती. सही झाली. आता मी कशाला लागते?
दादाला मेसेज केला, मला घेऊन जा, आत्ताच्या आत्ता. मिनिटात उत्तर आलं. निघालोच, अपू. कुणाला काही बोलू नकोस.
जीव भांड्यात पडला. दाराला कडी घातलीय.

त्याच दिवशी, दुपारी
कागदाचं दुसरं पान आलंय. मी उघडलं नव्हतं, आपोआप—
साक्षीदाराची सही. सुमंत. आमच्या दादाची.
दादा, तुला माहीत होतं? हे स्थळ आणलंस तेव्हाही? दादा, अरे मी तुझी—

गाडी आली. दादाचा आवाज. शंभूराजचाही. दोघं हळू बोलतायत. सासूबाई कोठाराचं कुलूप काढतायत. घमेली वाजतायत. सिमेंट—
खिडकीला गज आहेत.
दादा दाराशी आलाय. लहानपणी मला उठवायचा त्याच आवाजात हाक मारतोय. पण अपू नाही म्हणत. म्हणतोय, संयोगिता, दार उघ—