मायच्या वेलींना पाणी

बाबा, आज सकाळी मांडवावरचे दोडके तोडले. उन्हाळा सरत आला आहे, पानं कडेनं पिवळी पडून कुरकुरीत झाली आहेत, आणि वेलाच्या टोकाला आता जी फळं धरतात ती बोटाएवढी होऊन तिथंच वाकडी राहतात. तरी टोपलीभर निघाले. हा मांडव मी घातलेला नाही. तुमच्या जावयांनी घातला होता, माघात, बांबू स्वतः खांद्यावर आणून. वेल मांडवाला लागायच्या आतच, होळीनंतर लगेच, ते गेले. सकाळी चहा घेतला, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाले, आणि रिक्षा गल्लीत येईपर्यंत सगळं संपलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मग हे सांगायला तुम्हीच का आठवलात, असं कोणी विचारेल. त्याला कारण आहे. ते जरा लाजिरवाणं आहे, म्हणून हळूहळू सांगते.

तुम्ही त्यांना पाहिलं ते नगरपालिकेत नुकते लागलेले, नळाला पाणी सोडणारे. अर्ध्या वाशीमच्या गल्ल्यांना कधी पाणी येणार ते त्यांच्या हातात असायचं, आणि लोक रस्त्यात थांबवून तेवढंच विचारायचे. रिटायर झाल्यावर घरामागच्या रिकाम्या जागेत त्यांनी बाग केली. भेंडी, चवळी, काकडी, कारली, दोडके. पाणी मात्र थेंब मोजल्यासारखं द्यायचे, ती जन्माची सवय. मी त्या बागेत फारशी गेलेच नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहायची, ते ओट्यावर भाजी आणून ठेवायचे. ऊन सोसत नाही, असं मी सांगायची आणि त्यांना ते खरं वाटायचं. ऊन मला चांगलं सोसतं, बाबा. मला बागेत जायला नको वाटायचं ते मेडशीच्या आपल्या घरामुळे.

माय गेली तेव्हा मी चौथीत होते आणि धाकटी अजून बोबडं बोलत होती. चैत्राचं ऊन, कावीळ, अकोल्याला न्यायचं ठरलं आणि नेलं तेव्हा उशीर झाला होता. घरामागं तिनं लावलेल्या वेलींना तेव्हा नुकती फुलं धरली होती. आत्या तेरवीपर्यंत राहिली. निघायच्या दिवशी ती मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "हे सारं उपटून टाक आता. पाणी कोण भरीन? एक बकरी बांध, पोट्ट्यायले दूध तरी होईन." तुम्ही पुढच्या खोलीत मशीनवर बसला होतात. सुईत दोरा ओवत होतात. तो ओवून झाला, कापड सुईखाली सरकवलं आणि मशीनचं चाक फिरवलं. दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती हापशीच्या आवाजानं नाही, बायका एकदम गप्प झाल्या म्हणून. मी दारातून पाहिलं. गावातला टेलर दोन बादल्या घेऊन हापशीवर उभा आहे, आणि बायका डोक्यावरचा पदर सावरत बाजूला होत आहेत.

तुम्हाला बागेतलं काही म्हणजे काही येत नव्हतं. भर दुपारी पाणी टाकायचात आणि पानं का पोळली म्हणून बघत बसायचात. भेंडी इतकी जून होऊ दिली की भाजी चघळून चघळून ताटाच्या कडेला चोथ्याचा ढीग झाला. धाकटी तो चोथा पाहून हसली, मग मी हसले, मग तुम्हीही हसलात, आणि हसता हसता उठून हात धुवायला गेलात ते बराच वेळ आलाच नाहीत. हळूहळू तुम्ही शिकलात, पण आपल्या पद्धतीनं. वेल बांधायला सुतळी कशाला म्हणून दुकानातल्या चिंध्या घेतल्या. जांभळ्या, पोपटी, चौकड्याच्या, फुलाफुलाच्या. गावातल्या बाया कुंपणावरून डोकावून म्हणायच्या, "अव, हे तं माह्या झंपराचं कापड." मेडशीतल्या सगळ्या बायांची झंपरं आपल्या दोडक्याच्या मांडवावर होती. भाजी तोडायला तुम्ही जुनी कात्री ठेवली होती. एकदा मी काकडी ओढून काढली तर वेलच हातात आला. तुम्ही मला कधी मारलं नाही, पण त्या दिवशी मनगट धरलंत ते दुखेपर्यंत. "ओढते काय? एका हातानं येल धर, दुसऱ्या हातानं तोड. कापड असं ओढलं तं फाटन का नाही?" मनगट सोडल्यावर तुम्ही तो तुटलेला वेल कितीतरी वेळ चिंधीनं बांधत बसलात, जणू तो बांधल्यानं जगणार होता.

मला लागलं ते मनगटाचं नाही. तुम्ही वेलीशी बोलत होतात, ते लागलं. अगदी हळू, ओठातल्या ओठात, पण बोलत होतात. आमच्याशी तुम्ही जेवल्या का, झोपल्या का, अभ्यास केला का, एवढंच बोलायचात. मायचं नाव घरात निघत नव्हतं. मी विचारलं की तुम्ही मशीनचं चाक फिरवायचात. आणि संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन तिथं काहीतरी सांगत बसायचात. मी चुलीशी बसून भाकरीकडे पाहायची, धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली असायची, आणि मला वाटायचं की घरातलं दुःख दोन वाटण्या करून वाटलं गेलंय, आणि आमची वाटणी त्या चवळीला दिली.

मग रिठद गावची ती बाई आली. त्याच उन्हाळ्याची अखेर होती, अशीच. आत्यानं स्थळ आणलं होतं. लहानपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, भावाकडं राहते. दुसरेपणाचं लग्न, म्हणून तिनंच भावाबरोबर येऊन घर पाहायचं ठरलं. ती आली तेव्हा उन्हानं चेहरा लाल झाला होता. एसटीत उभं राहून आली म्हणाली, पण तक्रारीच्या सुरात नाही. तुम्ही चहा केलात, त्यात साखर जास्त पडली, तिनं पूर्ण प्यायला. धाकटी कोणाकडं जायची नाही, ती तिच्या पदराशी जाऊन उभी राहिली. भाऊ आणि आत्या पुढच्या खोलीत बोलत बसले आणि ती सहज उठून मागं गेली. मी तिच्यामागं गेले. तिनं काकडीचं मलूल झालेलं पान बोटावर घेऊन पाहिलं. "लय सुकले व हे. पाणी नाई टाकलं का आज?" मी म्हटलं, बाबा संध्याकाळी टाकतात. मोरीजवळ भरलेली बादली होती. तिनं निऱ्या खोचल्या, बादली उचलली आणि तांब्यानं एकेका आळ्यात पाणी सोडू लागली. किती सावकाश टाकत होती ती. माय टाकायची तशी, मुळाशी, पानावर थेंब न उडवता.

तेवढ्यात तुम्ही दारात आलात. "राहू द्या," म्हणालात. ती हसून म्हणाली, "एक बादली तं हाये. होऊनच राह्यली." तुम्ही पायऱ्या उतरून आलात आणि तिच्या हातातून तांब्या काढून घेतलात. "राहू द्या म्हटलं ना. मी टाकतो." आवाज मोठा नव्हता. पण ती दोन पावलं मागं सरकली. तिच्या लुगड्याचा काठ भिजला होता, तिनं तो पिळला, हात पदराला पुसले आणि आत गेली. तुम्ही तिच्याकडं पाठ करून उरलेलं पाणी टाकत राहिलात. आळी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी टाकत राहिलात.

आत्याबरोबर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी यायला वेळ होता. ती लुगड्याचा ओला काठ झटकत राहिली. मग आत्याला म्हणाली, "माणूस चांगला हाये, बाई. पण त्या घरात अजून जागा झाली नाही." आत्यानं घरी येऊन तुम्हाला काय काय ऐकवलं. पोरींचा तरी विचार कर म्हणाली. तुम्ही एवढंच म्हणालात, "तिनं लावलेलं हाये ते. ते सुकेपर्यंत तरी थांबा." वेली सुकल्या. पुढच्या माघात तुम्ही नवीन लावल्या. आणि परत कोणी विषय काढला नाही. टेलरनं पोरींसाठी दुसरं लग्न केलं नाही, असं लोक कौतुकानं म्हणायचे. माझ्या लग्नातही कोणीतरी म्हणालं आणि तुम्ही मान खाली घातलीत. मी तेव्हा तुमच्याकडं पाहिलं नाही, कारण माझ्या डोळ्यांत तुमच्याबद्दल कौतुक नव्हतं. राग होता. तो मी सासरी घेऊन आले आणि तुम्ही गेलात तेव्हाही तो होता.

आता ते लाजिरवाणं सांगते. मागच्या आठवड्यात मी धाकटीकडं मालेगावला गेले होते. तिनं राहा म्हटलं म्हणून राहिले. परत आले तर मागच्या दाराशी पाटीत काकड्या आणि दोडके नीट मांडून ठेवलेले, आणि आळी ओली. आमच्या शेजारी सायकलदुकानवाल्यांचं घर आहे. त्यांची बायको माझ्याहून बरीच लहान, मला भाभी म्हणते. तिनंच भिंतीवरून पाइप टाकून पाणी दिलं होतं. मी भिंतीपाशी जाऊन तिला हाक मारली, आणि ती हसत आली तर म्हटलं, "तुले कोणी सांगतलं होतं?"

ती म्हणाली, "जळून चालले होते, भाभी. भाईसाब असते तं..."

"ते नाहीत. म्हणूनच हात लावू नको."

तिचं तोंड उतरलं. ती आत गेली. आणि मी भिंतीला हात टेकून उभी राहिले, कारण तो आवाज मी ओळखला होता. तुमचा आवाज माझ्या तोंडून निघाला होता, बाबा. मग मी मांडवाखाली जाऊन बसले. ज्या बागेत मी तुमच्या जावयांच्या हयातीत फारसा पाय ठेवला नाही, तिथं ते गेल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी टाकते आहे, दुसऱ्या कोणाला टाकू देत नाही. त्या वेली पाणी मागतात तोवर त्यांनी आपलं काम अर्धवट ठेवलंय, ते कुठंतरी जवळपास गेलेत, असं वाटत राहतं. दुसऱ्या कोणी येऊन ते काम करून टाकलं की ते खरंच गेले. तुम्हाला असंच वाटलं असेल का? त्या बाईच्या हातून पाणी बरोबर मुळाशी पडत होतं, म्हणूनच तुम्हाला ते पाहवलं नसेल का? इतकी वर्षं मला वाटायचं की तुम्हाला आमच्यापेक्षा त्या वेली जास्त जवळच्या होत्या. आता वाटतं, तुम्ही फक्त तेवढंच करू शकत होतात.

दुसऱ्या दिवशी मी वाटीभर दोडक्याच्या शिरांची चटणी करून तिच्या दारात गेले. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. तिनंच पाट सरकवला. "बसा भाभी. चाय ठेवली हाये." मी म्हटलं, माझ्या तोंडून निघून गेलं. ती म्हणाली, "माही सास मेली तवा मी तिच्या पानदानले कोणाले हात लावू देत नव्हती. माह्या नणदेशी भांडली मी त्याच्यासाठी. समजते मले." मग तिनं चटणी बोटावर घेऊन चाखली आणि तिखट कमी आहे म्हणाली. आज सकाळी ती आली होती. स्टुलावर चढून वरचे दोडके तिनं काढले, माझ्या गुडघ्यांना ते जमत नाही. पाणीही तिनंच टाकलं. मी पाहत उभी राहिले. पाहवत नव्हतं, पण उभी राहिले.

मुलगा पुण्याहून रोज फोन करतो. घर बंद कर, इकडं ये म्हणतो. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. वेली आता सुकतीलच. माघात नवीन लावायच्या का, हे मला माहीत नाही. तुम्ही लावल्या होत्या. मी तुमच्याएवढी घट्ट नाही, किंवा तुमच्याएवढी मोडलेली नाही, यातलं खरं काय तेही कळत नाही. राग मात्र पुष्कळ गेला आहे. सगळा नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. रिठदची पाहुणी गेल्यावर त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं होतं, "केसं काहून मोकळे सोडले व? पाव्हण्यायपुढं असं फिरत असते का?" मी म्हटलं होतं, रिबीन सापडली नाही. रिबीन सकाळपासून माझ्या मुठीत होती, बाबा. आत्या वेणी घालायला बोलावत होती तरी मी गेले नव्हते. मला वाटलं होतं, ती आली की घालून देईल.