पान ज्याच्या हातात

१ ऑक्टोबर
मला ऐकू येत नाही. लिहून टाकलं एकदाचं! उजवा कान पार गेलाय, डावाही कुरकुर करतोय. आज तास संपल्याची घंटा झाली आणि मी आपली फळ्यावर अपूर्णांक सोडवतेच आहे. वळून बघते तर मुलं दप्तरं भरून बसलेली! सगळ्यांची बाजू मांडणारी आमची वकीलबाई पहिल्या बाकावरून दाराकडे बोट दाखवत होती. म्हटलं, "बघत होते, कुणाला किती घाई आहे ते!" हसली बिचारी.

मुख्याध्यापकांना कळलं तर माझी रवानगी ग्रंथालयात. तिथली जागा रिकामीच आहे. पुस्तकं मला आवडतात, पण ती उलट उत्तरं देत नाहीत. या मुलांना मी सहावीपासून शिकवतेय. मला माझी सातवी हवी. बस्स!

४ ऑक्टोबर
ह्यांचं पुन्हा तेच — "डॉक्टरांकडे जाऊ या का एकदा?" मी म्हटलं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. एकतीस वर्षं संसार झाला आणि आता म्हणे यांना पुटपुटायची सवय लागली! कानाला यंत्र लावलं की शाळाभर बोभाटा. नको.

७ ऑक्टोबर
युक्ती सापडली! मैदानात पानांचा खच पडलाय. त्यातलं पंज्याएवढं पिवळं पान वर्गात नेलं. नियम असा — पान ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. उभं राहून, माझ्याकडे तोंड करून. ओठ दिसले की माझं भागतं. मुलांना वाटतंय, विज्ञानाचा खेळ आहे. मीही काही कमी नाही!

१० ऑक्टोबर
गोगलगाय बोलला! हे नाव त्याला मित्रांनी दिलंय — विचारलं की मान आत. पण पान हातात आल्यावर सुटका कुठली! देठाशी पातळ थर तयार होतो आणि पान सुटतं, हे मी नुकतंच शिकवलं होतं. तो उठला, माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "बाई, झाड पानाला काढून टाकतं, की पानच दमतं?"

मी म्हटलं, दोघांचं मिळून ठरतं. खरं तर माझं मलाच पटलं नाही. पण पोरगं काय विचारतं! शिक्षकाने कुणाला लाडकं करू नये म्हणतात. माझे सदतीस आहेत.

१५ ऑक्टोबर
वर्गात नवीन मुलगी आली. वडिलांची बदली झालीय. आवाज इतका बारीक की माझी पंचाईतच! वकीलबाईने तिला लगेच आपल्या शेजारी बसवून घेतलं. दिवसभर दोघींची कुजबुज. दोनदा रागावले.

१८ ऑक्टोबर
सोमवारी शाळेची तपासणी. पान वहीत जपून ठेवलंय.

२१ ऑक्टोबर
सुटले!!

तपासणीच्या बाई आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले होते. वर्ग नुसता घड्याळासारखा चालला. एक बोलतोय तर दुसरा मधे तोंड घालत नाही. मी फळ्याकडे वळले तेवढ्यात त्या बाईंनी मागून काहीतरी विचारलं असावं. मला पत्ताच नाही! वळले तर वकीलबाई उभी. म्हणाली, "बाई, पाहुण्या विचारतात, सगळी झाडं एकदम का झडत नाहीत? पुढच्या मुलांना ऐकू गेलं नसेल, म्हणून परत सांगितलं." आगाऊ कार्टी! पण नशीब माझं. मी झोकात उत्तर दिलं.

जाताना त्या म्हणाल्या, "इतका समंजस वर्ग मी पाहिला नाही." मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षीही सातवी तुमचीच!" घरी येताना मी रस्त्यात चक्क गुणगुणले. सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली आणि कुणाला संशयसुद्धा नाही.

२३ ऑक्टोबर
वह्या तपासत होते. नवीन मुलीच्या वहीत, अगदी शेवटी, वकीलबाईचं अक्षर. वाचून रडून झालंय. जसंच्या तसं उतरवते —

"बाईंच्या डावीकडूनच बोलायचं. त्या फळ्याकडे वळल्या की गप्प बसायचं. घंटा झाली की पहिल्या बाकाने वह्या मिटायच्या, बाकीच्यांनी दप्तरं भरायची, म्हणजे त्यांना दिसतं. हळू बोलायचं नाही. ओरडायचंही नाही, त्यांना वाईट वाटेल. आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही. दुसऱ्या वर्गांना तर अजिबातच नाही. आम्ही सहावीपासून करतोय. तुलाही जमेल."