विक्रमच्या मावशीचा पगार

१ सप्टेंबर १९८६, सोमवार
लेबर डे. कामगारांचा दिवस म्हणून सगळी अमेरिका घरी, आणि मी उत्तराच्या घरी तिच्या चार वर्षांच्या विक्रमला सांभाळतेय. ती आणि तिचा नवरा डॉ. राजीव बार्बेक्यूला गेलेत. अकरा आठवडे पगार नाही. आठवड्याला साठ डॉलर ठरले होते. मागितले की उत्तरा म्हणते, मावशी, तुम्ही काय परक्या आहात का! 'मावशी' शब्दाचीच आता शिसारी येते. डिसेंबरात नागपूरला माझ्या मुलीचं बाळंतपण आहे. तिकीट काढायचंय. उद्या स्पष्ट बोलणार.

२ सप्टेंबर
बोलले नाही. विक्रमला ताप होता. तापलेल्या पोराच्या उशाशी पैशाचं बोलणं शोभत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार
लायब्ररीतल्या वसुधाने कायदा समजावून सांगितला. आधी लेखी मागणी करायची. नाही ऐकलं तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांचं, तिथे वकील लागत नाही. किंवा लेबर डिपार्टमेंट, तिथे नुसता फॉर्म. लगेच पत्र लिहिलं. इतकं जहाल झालं की वाचताना मलाच घाम फुटला.

८ सप्टेंबर
पत्र त्यांच्या फ्रिजवर लावलं. दुपारी विक्रमने ते काढून मागच्या बाजूला फायर ट्रकचं चित्र काढलं आणि चित्राची बाजू बाहेर ठेवून परत लावलं. उत्तराने त्याचे दोन पापे घेतले. नोटीस पोचली असं धरायला हरकत नाही.

१९ सप्टेंबर, दुपारी ४
या लोकांचा नवा व्हीसीआर आला. चारशे डॉलर! कसा चालतो ते राजीवने मला हौसेने दाखवलं. किळस आली. या घरात पाणीसुद्धा पिणार नाही. चहा घेतला, पण तो मीच केला होता.
लेबर डिपार्टमेंटला फॉर्म टाकला.

६ ऑक्टोबर
उद्या सकाळी दहाला लेबर डिपार्टमेंटने बोलावलंय. उत्तराकडे रजा मागितली. मागितली कसली, सांगितली. ती म्हणाली, घ्या ना, आराम करा. घाबरलीय बहुतेक.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी सातला बेल. दारात उत्तरा, कडेवर विक्रम. म्हणाली, "रजा आहे म्हणजे तुम्ही घरीच ना, मावशी?" मी तोंड उघडेपर्यंत गाडी वळलीसुद्धा.
त्याला घेऊनच बसने गेले. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, अजून त्यांच्याकडे काम करता का. मी ठणकावून सांगितलं, आज मी रजेवर आहे. मग त्यांनी मांडीवरच्या विक्रमकडे पाहिलं. हा कोण? मी इंग्रजी जुळवत होते, तेवढ्यात तोच बोलला.
"माय मॉम वर्क्स. मावशी डझन्ट वर्क. शी जस्ट प्लेज विथ मी."
साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला माझीच किळस आली. विक्रमचं नाक वाहत होतं, ते पुसलं.
पुढच्या मंगळवारी एकट्या या म्हणाले. संध्याकाळी उत्तराला त्या दिवसाची रजा सांगितली. ती म्हणाली, चालेल की, मग विक्रमला साडेसहालाच सोडते.