शाफ्टवरचं नाव

रत्नागिरी,
ता. ६ मार्च १९३४

प्रिय हमीद,

काल केलेली तार मिळाली असेलच. 'लाँच बंद ठेव' एवढंच तिच्यात होतं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तार खिशात घालून तू हसला असशील आणि लाँच पुन्हा काढली असशील. म्हणून हे पत्र बोटीवरच्या भागोजी खलाशाच्या हाती देतोय. वाचून होईपर्यंत तरी इंजिनाला हात लावू नकोस. रविवारी तुझ्या झुबेदाचं वऱ्हाड त्याच लाँचमधून हर्णेहून दाभोळला निघायचंय. सुवर्णदुर्गाच्या खडकांपाशी पंखा फिरवणारा शाफ्ट तुटला तर?

गेल्या गुरुवारी इथे काशीरामच्या भातगिरणीचा शाफ्ट मोडला. कुणाला लागलं नाही, पट्टा तेवढा भिंतीवर जाऊन आदळला. लोखंडच मेलं कुजकं होतं, असं काशीराम म्हणाला आणि मी, सांगायला लाज वाटते, मान हलवली. सहा वर्षांपूर्वी तो मीच केला होता. तुझ्या लाँचचा केला त्याच महिन्यात, त्याच पोलादातून. तेव्हापासून तुकडे पुढ्यात घेऊन बसलोय. लोखंडाचं सुतक धरलंय का, म्हणून तुझी मालनवहिनी चिडवते.

मोडलेलं तोंड कसं दिसतं ते सांगतो. एका कडेला जाड्या मिठासारखं खरबरीत, ताजं. बाकी सगळं काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्यांवर असतात तशा रेघा, एकीबाहेर एक. म्हणजे तो गुरुवारी मोडलाच नाही रे, वर्षानुवर्षं मोडत होता. ओझं कधी जास्त झालं नाही, पण प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकायचा आणि तडा केसाहून कमी पुढे सरकायचा. लोखंडही थकतं, कोपरे गोल करा, ओरखडा ठेवू नका, असं मास्तर शिकवायचे तेव्हा तू वहीत लिहून घ्यायचास. मी खिडकीबाहेर बघायचो.

शाफ्ट बाहेर काढ. रॉकेलनं भिजवून कोरडा पूस, वर खडूचं पाणी लाव, वाळलं की हातोडीनं ठोक. तडा असेल तर आतलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर रेघ उमटेल. नाही उमटली तरी तो परत बसवू नकोस.

आता कुठे बघायचं ते लिहितो. तारेत ते लिहायचा धीर झाला नाही. काशीरामच्या शाफ्टवरच्या रेघा सगळ्या एकाच जागेभोवती होत्या: मी छिन्नीनं घातलेल्या माझ्याच नावाच्या पहिल्या अक्षराभोवती. आमचं तांबटाचं घर. नाव घातल्याशिवाय भांडं बाहेर जायचं नाही, तीच खोड हाताला. तुझ्या शाफ्टवर, कॉलरच्या कड्याखाली झाकलेल्या जागी, तुला न सांगता मी 'झुबेदा' घातलंय. अकरा वर्षांची ती माझ्या कारखान्यात बसून नाव घाला म्हणून हट्ट करत होती, आणि मला मूलबाळ नाही. पुसलं जाऊ नये म्हणून चांगलं खोल घातलं. मला माफ कर, हमीद. काशीरामला आज खरं सांगून आलो. शनिवारच्या बोटीनं नवा शाफ्ट घेऊन मीच येतोय. कोपरे गोल केलेत, दोन दिवस घासून आरसा केलाय. त्याच्यावर कुणाचंच नाव नाही.

तुझाच,
आत्माराम