बेटावरचं बंद पाणी

ट्रॉय, मिशिगन
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय सुलेखा,

बायकोला पत्रात नमस्कार लिहायचा की आशीर्वाद, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, तेव्हा दोन्ही गाळतो. मी ठीक आहे. तू, गिरिजा, प्रतापराव आणि अनुष्का मजेत असाल. अनुष्काचा दात पडल्याचा फोटो पोचला, त्यावर मी अंगठा पाठवला. तू लेकीकडे गेल्यापासून आपण दोघं एकमेकांना अंगठेच पाठवतो. फोन केला की तू ‘अनुष्काला झोपवतेय’ म्हणून ठेवतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही, निदान तुझ्यासारख्या बाईला तरी नाही, म्हणून हा उद्योग.

इकडे बर्फ गुडघ्यापर्यंत आलाय. स्नोब्लोअर पहिल्याच दिवशी रुसला. गाड्यांचे ब्रेक तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाला त्याचा पट्टा बदलता येईना. शेवटी समोरच्या गिरीशने ड्राइव्हवे साफ करून दिला आणि वर ‘काका, जस्ट हायर समवन’ असंही ऐकवलं. मंडळाचं हळदीकुंकू झालं. नीला तुझी चौकशी करत होती. मी सांगितलं, नातीसाठी गेलीय. सगळ्यांना हेच सांगतो. खोटं नाही ते, पण पुरतं खरंही नाही.

खिचडी मला आता चांगली जमते. रोज केली तर कोणालाही जमेल.

आता मुद्द्याचं. गुरुवारी एक फोन आला.

“हॅलो, श्रीरंग काका का? मी कुश, शिकागोहून. इज धिस अ गुड टाइम, काका?”

मी म्हटलं, बोल. मग आपल्याकडचा तो अपरिहार्य प्रश्न विचारला: मूळचे कुठले? आई कोथरूडची, बाबा नागपूरचे, हा जन्माने इथला. मराठी तोडकं, पण ‘काका’ अगदी गोड म्हणतो. दर रविवारी आईला डेव्हन ॲव्हेन्यूला भाजी आणायला घेऊन जातो म्हणे. मी इतका विरघळलो की काम काय आहे हे विचारायलाच विसरलो. काम असं होतं की ज्या कंपनीचं ते डायव्हिंगचं रिसॉर्ट आहे, तिच्या शिकागोच्या ऑफिसात हा नोकरीला आहे.

ते रिसॉर्ट म्हणजे तेच, आपला मुलगा पाहुण्यांना डायव्हिंग शिकवायचा ते. ते बेट म्हणजेही तेच.

तुला आठवत असेलच. त्याच्या आवडत्या पाण्यात सोडायला घरून त्याच्या अस्थी नेल्या तेव्हा सोबत आपण नारळही नेला होता, इथल्या इंडियन ग्रोसरीतून, आणि तो विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतला. नारळाच्या बेटावर नारळ घेऊन निघालेली माणसं त्या अधिकाऱ्याने पहिल्यांदाच पाहिली असतील. मग गावातल्या त्या म्हाताऱ्या लेनाबाईंनी आपल्याला त्यांच्या झाडाचा नारळ दिला, पाण्यापर्यंत सोबत आल्या, आणि अस्थी सोडायच्या आधी दोनदा विचारलं, “इथेच? नक्की?” आपण दोन्ही वेळा ‘येस, येस’ म्हणालो. आपल्याला वाटलं, बाई आपुलकीने विचारतायत.

कुश सांगतो, तो प्रश्न साधा नव्हता. त्या लोकांत घरचा माणूस ज्या पाण्यात सोडला, ते पाणी त्या घराचं ठरतं आणि बंद राहतं. त्यात कोणी जाळं टाकायचं नाही, होडी न्यायची नाही, बुडी मारायची नाही. दुःखातलं घर स्वतः येऊन उघडत नाही तोवर. म्हणजे आपल्या सुतकासारखंच, फक्त इथे सुतक समुद्राला. आपल्याला कोणी कळवलं नाही, कारण त्यांच्या लेखी आपण हे जाणूनबुजून केलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आणि आपण अस्थी सोडल्या तो प्रवाळाचा पट्टा नेमका रिसॉर्टच्या समोरचा. वर्षभर पाहुण्यांना होडीने लांब न्यावं लागतंय. तिथेच त्यांना मोठा धक्का बांधायचाय, पाहुणे खोलीतून निघाले की थेट पाण्यात. एप्रिलमध्ये सरकारी कचेरीत त्याची सुनावणी आहे. त्याआधी कुशला आपल्याकडून दोन ओळींची ईमेल हवीय: आम्हाला ही प्रथा माहीत नव्हती, आमच्या धर्मात असं काही नाही, आमची हरकत नाही.

यात चुकीचं एक अक्षर नाही, सुलेखा. खरंच आपल्याला माहीत नव्हतं. आपल्याकडे अस्थी सोडल्या की मागे वळूनसुद्धा बघायचं नसतं. मी म्हणालो, “नो इश्यू फ्रॉम अवर साइड, बेटा.” तो म्हणाला, “काका, यू आर द बेस्ट.”

ईमेल आज-उद्या पाठवून देतो. तुझीही हरकत नसावी. गॅरेजमधला आपल्या मुलाचा काळा सूट मात्र अजून खुंटीलाच आहे. ओहायोतल्या त्या पाणी भरलेल्या खाणीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, डायव्हिंग शिकला तेव्हाचा. कोणाला द्यायचा असेल तर सांग.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पत्र टाकायचं राहिलं. बरं झालं राहिलं.

ईमेल लिहायला बसलो आणि जुनी खोड आड आली. स्वतः चाचणी न बघता मी कुठल्याही ब्रेकवर सही केलेली नाही. इथे तर एकाच बाजूचं ऐकून सही करायला निघालो होतो, तेही कोणीतरी काका म्हटलं म्हणून. म्हणून काल संध्याकाळी लेनाबाईंना फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कोंबडे आरवत होते.

मी विचारलं, हे पाणी बंद असल्याचं खरं का? त्या म्हणाल्या, “तुम्हीच केलंत. मी दोनदा विचारलं.”

मी विचारलं, गावाला त्रास होतो का? त्यांनी आधी कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाल्या, जवळचा मासा तिथेच मिळतो. म्हाताऱ्यांना लांब वल्हवत जाणं झेपत नाही, मुलं वर्षभर डब्यातला मासा खातायत.

“मग आम्हाला सांगितलं का नाही?”

“तुमच्या दुःखाची घाई आम्ही कशी करणार?”

सुलेखा, आपण त्याचं बारावं-तेरावं शनिवार-रविवार बघून उरकलं, लोकांना सुट्टी घ्यावी लागू नये म्हणून. सोमवारी मी ऑफिसला गेलो आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तिकडे ज्यांच्याशी आपला काडीचा संबंध नाही, ती माणसं आपल्या मुलासाठी वर्षभर तोंडचा मासा सोडून बसलीत. मला लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते विचारू नकोस.

मग मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, आम्ही ते उघडलंच नाही तर? तो धक्का कायमचा अडेल, तुमचं भलं होईल. मला वाटलं बाई खूश होतील. त्या चिडल्या.

“आमचं भांडण तुमच्या मुलाच्या आडून नको,” म्हणाल्या. “ते आमचं आम्ही लढू. रिसॉर्ट आलं म्हणून धावपट्टी लांब झाली, दिवे आले, आमच्या नातवंडांना नोकऱ्याही लागल्या, ते मी नाकारत नाही. दवाखान्यात मात्र डॉक्टर आला नाही. तुमचा मुलगा हे त्यांना तोंडावर सांगायचा. तुम्ही फक्त एवढंच बघा, की तुमचं दुःख झालं की नाही.”

धावपट्टी आणि डॉक्टर. त्या दिवशी सकाळी त्याच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली आणि तो दिवस विमानाचा नव्हता. पाहुणे ज्या दिवशी येतात त्याच दिवशी विमान येतं. हे मी तुला आजवर बोललो नव्हतो. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे.

ईमेलबद्दल मात्र लेनाबाई स्पष्ट बोलल्या. ती पाठवलीत तर सुनावणीत ते म्हणणार, हे पाणी कधी बंदच नव्हतं, ही सगळी गावकऱ्यांची बनवाबनवी. आणि जे पाणी कोणी बंद करू शकत नाही ते कोणाचंच नाही, म्हणजे बांधा धक्का. उलट घरच्या माणसांनी गावासमोर येऊन रीतीने उघडलं, तर बंद होतं हेही सिद्ध आणि ते कोणाच्या रीतीने बंद होतं हेही. सुनावणी त्या जिंकतील की नाही देव जाणे. पण त्यांच्या हातातलं एवढं एक माझ्या दोन ओळींनी जाणार होतं.

लगेच कुशला फोन केला.

“काका, पण यू सेड नो इश्यू!”

“म्हणालो होतो. भीड भिकेची बहीण.”

“सॉरी, व्हॉट?”

“आईला विचार. ईमेल येणार नाही. आम्ही जाऊन उघडू, मार्चमध्ये, गावासमोर. तुझ्या साहेबांना सांग, हवं तर बघायला या.”

“ओके, सांगतो,” म्हणाला बिचारा. मग हळूच म्हणाला, “काका, ऑफ द रेकॉर्ड, मी पण हेच केलं असतं.” मुलगा वाईट नाही गं. नोकरी आहे.

आता रीत काय ते सांगतो, कारण खरी अडचण पुढेच आहे.

ज्यांनी अस्थी सोडल्या त्या घरच्या दोघांनीच गुडघाभर पाण्यात जायचं. एकाने समुद्राकडे तोंड करून गेलेल्याला नावाने हाक मारायची, किनाऱ्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी. दुसऱ्याने त्याच्या वतीने ओ द्यायची. एकदाच. ओ आली म्हणजे तो पोचला, आता तो कोणाच्या हाकेला बांधील नाही. मग गाव जाळी टाकतं, पहिला मासा सगळे मिळून खातात. आपण खात नाही म्हटल्यावर लेनाबाई म्हणाल्या, तुमचं जे गोड असेल ते करा. तुझा शिरा मी कबूल करून बसलोय.

मी लेनाबाईंना विचारलं, माझ्या एकट्याने चालेल का? त्या म्हणाल्या, हाक मारणारा आणि ओ देणारा एकच कसा असेल?

तू ऑक्टोबरमध्ये बॅग भरताना म्हणाली होतीस, “या घरात त्याचं नाव घेतलं जात नाही. मला इथे राहता येत नाही.” मी तेव्हा स्नोब्लोअरचं तेल बदलायला गेलो होतो. ऑक्टोबरमध्ये. तू बरोबर होतीस. लग्नात तुझ्या मावश्या ‘नाव घ्या, नाव घ्या’ म्हणून मागे लागल्या तेव्हा मी उखाण्याची वाट न बघता ‘सुलेखा’ म्हणून मोकळा झालो होतो. माझी जीभ काही जड नाही. पण त्याचं नाव घेतलं आणि वरच्या खोलीतून उत्तर आलं नाही, तर तो नाही हे मला मान्य करावं लागेल. नाव न घेता मी त्याला इतके दिवस कुठेतरी पॅसिफिकमध्ये ठेवलाय, फोन न करणाऱ्या मुलासारखा. खरं सांगायचं तर ते पाणी बंद आहे हे कळल्यावर मला आधी आनंदच झाला होता. मला ते बंदच हवं होतं. मासा खाणारी मुलं माझ्या डोक्यात नव्हती.

काल गाडीत बसून, काचा लावून, हाक मारून बघितली. पहिलं अक्षर निघालं. गिरीश बर्फ काढता काढता काचेतून बघत होता, म्हणून उगीच वायपर चालू केले. आज परत बघितली. आज जरा पुढे गेलो.

मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे फ्रीमाँटला येतो. तिथून विमान जवळ पडतं. तू यायचं की नाही हे तू ठरव, मी दारात उभा राहून भीड घालणार नाही. नाही म्हणालीस तर अनुष्काशी पत्ते खेळून परत येईन आणि लेनाबाईंना आणखी थांबायला सांगेन. त्या थांबतील, हेच वाईट आहे.

हाक मी मारतो, सुलेखा. ओ तुलाच द्यावी लागेल.

तुझा,
आणि सिद्धेशचा बाबा,
श्रीरंग